लहान कारखाना कुठे उभा राहतो?

एकाच धंद्याचे अनेक कारखाने एकाच गल्लीत का असतात, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? चढाओढ टाळायची तर त्यांनी दूर दूर जायला हवे. पण तसे होत नाही. याचे कारण आपण समजून घेऊ.

मोठ्या उद्योगाची गोष्ट वेगळी असते. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली स्थापन झाली. लोहखनिज, कोळसा आणि पाणी यांची सोय पाहून साकची हे लहानसे गाव निवडले गेले. तेथे कंपनीने रस्ते, घरे, दवाखाना असे सारे शहरच उभारले. तेच आजचे जमशेदपूर. लहान मालकाला गाव वसवता येत नाही. त्याला वसलेल्या गावातच जागा शोधावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. समजा, एका माणसाला आठ यंत्रमाग बसवायचे आहेत. मुंबईतील भाडे त्याला परवडत नाही. दूरच्या खेड्यात जागा स्वस्त मिळेल. पण तेथे माग बिघडला तर कारागीर कुठून आणायचा? तो शहरातून येईपर्यंत काम बंद राहील. असे वारंवार झाले तर मालकाची पुंजी संपेल आणि मजुरांच्या घरची चूलही पेटणार नाही.

भिवंडीत मात्र अनुभवी विणकर मिळतात. सुताला खळ देणारे कारखाने, मागाचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे हात जवळच असतात. ओळखीचा व्यापारी सूत उधार देतो. मुंबईचा कापडबाजारही फार दूर नाही. म्हणून लहान मालक आधी माणसे, वीज, रस्ता आणि बाजार पाहतो. केवळ स्वस्त भाड्यावर तो भुलत नाही.

आणखी एक उदाहरण पाहा. पूर्वी मुंबईत येणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे. भिवंडी त्या हद्दीबाहेर होती, म्हणून व्यापाऱ्यांनी तेथे गोदामे बांधली. २०१७ साली जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. तरीही गोदामे तेथेच राहिली, उलट वाढली. कारण रस्ते, ट्रक, हमाल आणि मोकळी जागा तेथे होतीच.

तुमच्या मोहल्ल्यातही एखादा छोटा कारखाना असेल. तेथे जा आणि मालकांना अदबीने विचारा, "चाचा, तुम्ही हीच जागा का निवडली?" त्यांचे उत्तर वहीत लिहून आणा.