निष्ठा म्हणजे गप्प बसणं नव्हे

कोपरगावहून मनमाड रस्त्याने निघालं की पुढे येवला लागतं. आमच्यासाठी येवला म्हणजे पैठणी. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच गावात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, हे मला एम.एस्सी. झाल्यावर नीट कळलं. इतका उशीर का झाला, तेही या लेखात येईलच.

आधी थिअरी बघू. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं की, संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणं किंवा आत राहून आवाज उठवणं. निष्ठा बाहेर पडणं लांबवते आणि आवाजाला संधी देते. म्हणजे निष्ठावान माणूस गप्पच बसतो असं नाही.

आता आपली उदाहरणं लावून बघा. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. तो आवाज होता. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही, तेव्हा येवल्याची घोषणा झाली. प्रत्यक्ष धर्मांतर नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे आणखी २१ वर्षांनी. 'रागाच्या भरात धर्म सोडला' म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा मांडून बघाव्यात.

दुसरं उदाहरण साने गुरुजींचं. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा, मग १ ते १० मे १९४७ पंढरपुरात उपोषण. मंदिर खुलं झालं. गुरुजी ब्राह्मण घरातले, त्यांना स्वतःला कुणी अडवलं नव्हतं. तरीही ते उपाशी बसले.

मग एकाचा आवाज ऐकला गेला, दुसऱ्यांचा नाही, तो फक्त जन्मामुळे का? इथे घाई करू नका. मंदिरं वेगळी, मधे बारा वर्षं गेलेली, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं. लॅबच्या भाषेत सांगायचं तर एका वेळी चार व्हेरिएबल बदललेत. शिवाय हर्शमन म्हणतात, बाहेर पडण्याची शक्यता दिसली की आतल्या आवाजाला वजन येतं. मग १९३५ च्या घोषणेने १९४७ च्या उपोषणाला बळ दिलं असेल का? हा तपासण्यासारखा प्रश्न आहे. त्या काळची वर्तमानपत्रं आणि पत्रव्यवहार काढून बसावं लागेल.

मॉडेलमध्ये मला एक गोष्ट कमी वाटते: आवाज उठवण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याला दार उघडं आहे त्याला ती कमी पडते, म्हणून त्याची जबाबदारी जास्त.

आमच्या घरात वारी आहे. देवळाचं दार मला कधी बंद दिसलं नाही, म्हणून ते कुणाला बंद होतं हे मी विचारलंच नाही. येवला उशिरा कळलं ते यामुळे. तेव्हा मित्रांनो, संशोधनाचा विषय निवडताना एक यादी जरूर करा: आपल्याला कोणते प्रश्न आजवर पडलेच नाहीत, आणि का?