माशांच्या खाद्यात थोडेसे समुद्री शेवाळ

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले की पहिले काही दिवस हौसेत जातात. मग पेंडीचा खर्च दिसू लागतो. मत्स्यपालनात बहुधा निम्म्याहून अधिक पैसा खाद्यावरच जातो. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "समुद्राचे शेवाळ घाला आणि पेंड बंद करा." शेतकरी बंधू-भगिनींनो, यातले पहिले जरूर ऐका, दुसरे मात्र ऐकू नका.

हे शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचे किंवा तळ्यावर तरंगणारे नव्हे. पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावरच्या खडकांवर तपकिरी, झुडपासारखी वनस्पती वाढते. तिला मण्यांएवढे हवेचे फुगे असतात. तिचे शास्त्रीय नाव सरगॅसम. लाटांनी सुटून ती पुळणीवर येऊन पडते.

ओल्या शेवाळात बहुतेक पाणीच असते. दहा किलो वाळवले तर हाती किलो-दीड किलो उरते. त्यात क्षार आणि आयोडीन भरपूर, पण प्रथिने साधारण ५ ते १५ टक्के, म्हणजे भाताच्या कोंड्याच्या जवळपास. शेंगदाणा पेंडीत ती ४० टक्क्यांच्या घरात असतात. म्हणून शेवाळ घालायचे ते कोंड्यातला थोडा भाग कमी करून. पेंडीला हात लावू नका.

त्याचा दुसरा गुण आहे चिकटपणा. तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचा पदार्थ असतो. आइस्क्रीम घट्ट राहावे म्हणून तोच वापरतात. भुकटी कोमट पाण्यात भिजवून खाद्यात मळली की गोळा पाण्यात लगेच विरघळत नाही. विरघळलेली पेंड माशाच्या पोटात जात नाही, ती तळाशी कुजते आणि पाणी बिघडवते. मला तर हाच फायदा मोठा वाटतो.

प्रमाण शंभराला पाच, त्याहून जास्त नको. तळ्यात शंभर-शंभर ग्रॅमचे हजार मासे असतील तर एकूण वजन १०० किलो. रोज तीन टक्के धरले तर खाद्य ३ किलो. त्यात दीड किलो पेंड, १ किलो ३५० ग्रॅम कोंडा आणि १५० ग्रॅम शेवाळाची भुकटी. प्रमाण वाढवले तर माशांना ते नीट पचत नाही आणि वाढ खुंटते. रायगडकडचा जिताडा तर मासे खाऊन जगणारा. त्याच्यासाठी या खटाटोपात पडूच नका.

गोळा केलेले शेवाळ आधी समुद्राच्याच पाण्यात खळबळून वाळू, शिंपले काढून टाका. घरी आणून गोड्या पाण्याने दोनदा धुवा, म्हणजे वरचे मीठ जाईल. सावलीत पसरा, कडकडीत वाळले की कुटून वस्त्रगाळ करा आणि कोरड्या डब्यात ठेवा. ओल राहिली तर बुरशी धरते. बुरशीचे खाद्य तळ्यात टाकू नये.

कारखान्याचे किंवा गटाराचे पाणी मिळते त्या खाडीतले शेवाळ घेऊ नका, ते विषारी धातू शोषून घेते. खडकाला चिकटलेलेही मुळासकट उपटू नका. त्याच्या आडोशाला माशांची पिले वाढतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथे तर हात लावूच नये.

घाटावरच्या वाचकांनी भाडे भरून शेवाळ आणावे असे मला वाटत नाही. दुकानात पिकांवर फवारण्यासाठी शेवाळाचे द्रावण मिळते, ते खत आहे. माशांना घालू नका.

खाद्य एकदम फेकण्याऐवजी परातीत ठेवून दोरीने पाण्यात सोडा आणि दोन तासांनी वर काढा. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करा. दर पंधरवड्याला जाळे टाकून वीस-पंचवीस मासे तोला, वजन वहीत लिहा. दोन पंधरवडे वजन पूर्वीसारखे वाढले नाही, तर शेवाळ थांबवून पुन्हा नुसत्या पेंड-कोंड्यावर या.