सांवळ्या रंगाची धास्ती

तुकोबारायांची पालखी दरवर्षीं बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी अशी वाट धरून इंदापुरास येते. गेल्या वारीस आम्ही इंदापुरांत एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. दारावरून सांवळ्या विठ्ठलाचा गजर चालला होता आणि माजघरांत धाकट्या सुनेच्या बहिणीस 'रंग दबलेला' म्हणून आलेल्या नकाराची चर्चा चालली होती. मुलगी बारामतीस शिकलेली, पदवीधर, मिळवती. ती म्हणाली, "काकू, देव सांवळा चालतो, मग सूनच कां चालत नाहीं?" वडीलधाऱ्यांपैकीं कोणी उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही तें सुचलें नाहीं.

हें वेड आजचें नव्हे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ सालीं बाजारांत आली. २०२० सालीं तिचें नांव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालें. त्याच वर्षीं 'शादी डॉट कॉम'नें वर्णावरून स्थळें निवडण्याची सोय काढून टाकली. नांव गेलें, हौस राहिली. स्थळांच्या माहितींत 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' हे शब्द जेथल्या तेथें आहेत. 'सांवळी' हा शब्द मात्र वधुपित्याच्या लेखणींतून सहसा उतरत नाहीं. आपलीं सुशिक्षित घरें यास अपवाद आहेत असें म्हणण्याची सोय नाहीं. मूल जन्मतांच 'रंग कोणावर गेला?' हा प्रश्न आपल्याच बाळंतिणीच्या खोलींत विचारला जातो. (केशराच्या दुधानें गोरें झालेलें मूल आम्हांस अद्याप पाहावयाचें आहे!)

थायलंडांतील तरुणींची गत निराळी नाहीं. उन्हांत राबते ती काळी, सावलींत बसते ती गोरी, ही समजूत तेथेंही जुनी आहे. गोरेपणांतच यश आहे असें सांगणारी तेथील एक जाहिरात २०१६ सालीं लोकक्षोभामुळें मागें घ्यावी लागली. ह्या समजुतीचें मूळ शोधण्यास बँकॉकला जावयास नको. इंदापूरच्या वाटेवरील उसाचे फड पुरेसे आहेत.

नुसत्या हौसेची गोष्ट असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. त्या मुलीच्या उशाशीं मलमाची एक नळी होती, मैत्रिणीनें सुचविलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणलेली. त्या मलमांत स्टेरॉईड होतें. अशा मलमानें प्रथम चेहरा उजळतो, कारण सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व रंगद्रव्य तयार होण्याचें काम मंदावतें. पुढें कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. मलम थांबवितांच चेहऱ्याची आग होते, म्हणून तेंच पुन्हा लावलें जातें. सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरी नळी मिळालीच. पारा तर याहून घातक. तो त्वचेंतून रक्तांत शिरतो आणि मूत्रपिंडें बिघडवितो. अकोल्याच्या एका कुटुंबांतील स्त्रियांना जडलेल्या अशाच विकाराचें मूळ मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोधतां शोधतां गोऱ्या रंगाच्या मलमांत सांपडलें, ही वार्ता २०२३ सालीं वृत्तपत्रांत आली होती.

ती मुलगी आतां बारामतीस त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. मलम एकदम न तोडतां क्रमाक्रमानें कमी करावयाचें आहे. चेहरा अजून तांबूस आहे. मध्यंतरीं दुसरें एक स्थळ आलें. त्यांनीं फोटो मागितला. आईनें स्टुडिओंत जाऊन काढण्याचा आग्रह धरला, पण हिनें अंगणांत, भर उन्हांत काढलेला फोटो पाठविला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.