पंचवटीतली तिघं

काळाराम मंदिरात राम, सीता आणि लक्ष्मण शेजारी शेजारी उभे आहेत. की उभी आहेत? दोन पुरुष आणि एक स्त्री. क्रियापदानं ऐकायचं कुणाचं?

इंग्रजीला ही चिंता नाही. तिचं क्रियापद फक्त ‘किती जण?’ एवढंच विचारतं. दोन नावांमध्ये ‘अँड’ आला की ‘इज’चं ‘आर’ होतं, ‘ब्रेड अँड बटर’सारखी जोडी एकच पदार्थ मानली तर ‘इज’च राहतं आणि मध्ये ‘ऑर’ असेल तर जवळच्या नावाचं चालतं. मराठी क्रियापदाला मात्र बाई की बाप्या हेही कळायला हवं. हिंदीलाही हवं असतं, पण तिच्याकडे नपुंसकलिंगच नाही, म्हणून मिश्र घोळका तिथं पुल्लिंगात जातो. संस्कृतात तर तिन्ही लिंगं आहेत, तरी पाणिनीच्या नियमानं आई आणि बाप मिळून ‘पितरौ’, म्हणजे पुल्लिंगीच.

मराठीनं मात्र वेगळी वाट धरली. दोन पुरुष असतील तर ‘ते दोघे आले’, दोन बायका असतील तर ‘त्या दोघी आल्या’, आणि नवरा-बायको असतील तर ‘ती दोघं आली’. हे ‘आली’ स्त्रीलिंगी एकवचन नव्हे, नपुंसकलिंगी अनेकवचन आहे! ना नवऱ्याचं लिंग जिंकलं, ना बायकोचं. दोघांना तिसऱ्याच घरात जागा मिळाली. मुलगे आले, मुली आल्या, मुलं आली, हाही त्यातलाच प्रकार. तिकडे उत्तर अटलांटिकमधल्या आइसलँडिक भाषेतही स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटाला नपुंसकलिंगी सर्वनाम लागतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली आलं, मोरो केशव दामल्यांचं 1911 साली. पण यातलं एकही पान न उघडता घरातलं पोर ‘आई-बाबा, तुम्ही दोघं या ना’ म्हणतं.

निर्जीव वस्तूंना एवढा मान नाही. तिथं शेवटी जो बसला त्याचं राज्य. नाशिकच्या कुठल्याही मिसळीच्या दुकानात ऐका: ‘पाव आणि मिसळ आली’, पण ‘मिसळ आणि पाव आला’. टेबलावरचा ऐवज तोच, फक्त क्रम फिरला.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ‘रामानं फळ खाल्लं’, ‘सीतेनं फळ खाल्लं’, ‘तिघांनी मिळून फळ खाल्लं’. कर्ते एकाचे तीन झाले, पण क्रियापद ढिम्म हललं नाही. फळाऐवजी बोरं ठेवा, लगेच ‘खाल्ली’ होतं. इथं क्रियापदाची निष्ठा खाणाऱ्यावर नाही, खाल्लेल्यावर आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यानं कर्ता शोधायला सांगितला की आपली पोरं गोंधळतात, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

मग गाभाऱ्यात उभे की उभी? देवांच्या बाबतीत आदरार्थी बहुवचनाची ओढ असते, म्हणून ‘उभे’ सर्रास चालतं आणि ते खटकतही नाही. पण जुनी, अस्सल मराठी घडण ‘तिघं उभी आहेत’ हीच. तेव्हा तुमच्या लेखातल्या ‘ती दोघं आली’चं कुणी ‘ते दोघे आले’ करायला निघालं, तर त्याचा हात धरा.