दोष स्क्रीनचा की जागरणाचा?

मुलाला पहिली फिट आली की घरात सर्वांत आधी जप्ती येते ती मोबाईलवर. मग टीव्हीची पाळी. मग शाळेला चिठ्ठी जाते, याला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवू नका. आणि कुणीतरी काका किंवा मामा म्हणतातच, "दिवसभर त्या डबड्यात डोळे घालून बसायचा, दुसरं काय होणार?" यातली काळजी खरी असते. कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं धरलेलं असतं आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो. मित्र तुटतात, अभ्यास मागे पडतो, आणि फिट ज्यामुळे येते ते घरात तसंच राहतं.

"स्क्रीन बघितल्यामुळेच फिट येते"

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. आकडी, फेफरं, मिरगी ही त्याचीच घरोघरची नावं. या रुग्णांमध्ये लुकलुकत्या प्रकाशामुळे फिट येणारे १०० मध्ये ३ च्या आसपास. लहान आणि किशोरवयीन मुलांत हे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतं, आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त. म्हणजे उरलेल्या ९७ जणांच्या फिट्सचा स्क्रीनच्या लुकलुकीशी काही संबंध नाही.

ज्या तिघांना प्रकाशाचा त्रास होतो त्यांनाही तो स्क्रीन नुसती समोर आहे म्हणून होत नाही. प्रकाश सेकंदाला किती वेळा लुकलुकतो यावर सगळं अवलंबून असतं. साधारण ३ पासून ६० पर्यंतची लुकलुक धोक्याची, त्यातही १५ ते २५ च्या आसपासची सर्वांत वाईट. लखलखीत लाल रंग, काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्या, अंधारी खोली आणि डोळ्यांसमोरची सगळी जागा व्यापणारं चित्र यांनी धोका वाढतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग दाखवला गेला. त्यात काही सेकंद लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला, आणि त्या संध्याकाळी जवळजवळ ७०० मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याआधी कधी फिट आली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली आणि जपानी वाहिन्यांनी चमकत्या दृश्यांचे नियम केले. ब्रिटनमध्ये असे नियम त्याआधीच, १९९३ मधल्या नूडल्सच्या एका जाहिरातीने फिट्स आल्यानंतर झाले होते. आज वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ढोबळ नियम हाच आहे, की कुठलीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये.

आपल्याकडे वेगळीच गंमत आहे, ती म्हणजे खरे धोके स्क्रीनबाहेर मोकळे फिरत असतात. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेच्या झाडांआडून लपंडाव खेळणारं ऊन, फडफडणारी ट्यूबलाइट, दिव्याखाली फिरणारा पंखा, पाण्यावर चमचमणारं ऊन, आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीवरचे स्ट्रोब दिवे. ज्या घरात टीव्ही बंद करून ठेवलाय त्याच घरातलं मूल विसर्जनाच्या रात्री त्या गाडीसमोर नाचायला सोडलं जातं.

जुन्या डबा टीव्हीबद्दलची भीती मात्र खोटी नव्हती. त्या काचेवरच्या रेषा जवळून पाहिल्या तर सेकंदाला २५ वेळा लुकलुकत. आजच्या एलईडी टीव्हीत आणि मोबाईलमध्ये तसं होत नाही. धोका आता यंत्रात उरलेला नाही, तो त्यावर चालणाऱ्या दृश्यात आहे. म्हणून प्रश्न विचारायचा तो "किती वेळ बघतो?" हा नाही, "काय बघतो आणि किती अंधारात बघतो?" हा आहे.

"ते कळायचं कसं? त्यापेक्षा बंदच केलेलं बरं"

कळतं, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढताना मूल प्रकाशाला संवेदनशील आहे का याची तपासणी होते. आदल्या दिवशी केस धुवून यायचं, तेल लावायचं नाही. अनेकदा रात्री कमी झोपूनही यायला सांगतात. डोक्यावर ठिकठिकाणी गार, चिकट पेस्ट लावून वायरी चिकटवल्या जातात. मग काही मिनिटांसाठी चेहऱ्यासमोर, हातभर अंतरापेक्षाही जवळ, एक दिवा आणतात आणि तो कमी-जास्त वेगाने चमकवतात. तंत्रज्ञ मध्येच सांगतो, डोळे उघड, आता मीट. मेंदूच्या आलेखात ठरावीक बदल दिसला की ते मूल प्रकाशाला संवेदनशील आहे हे समजतं. आलेख नेहमीसारखा राहिला, आणि टीव्ही किंवा गेमसमोर फिट आल्याचा इतिहासही नसला, तर स्क्रीनवर बंदी घालायला आधार उरत नाही.

अहवालात काय आलं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. "प्रकाशाने बदल दिसला का?" एवढा एक प्रश्न पुरे. आणि फिट येत असताना घरातल्या कुणी मोबाईलवर तिचा व्हिडिओ घेतला असेल तर तो सोबत न्या. ईईजीच्या अर्ध्या-पाऊण तासात फिट येईलच असं नसतं. व्हिडिओ पाहून डॉक्टरांना फिटचा प्रकार बऱ्याचदा ओळखता येतो.

"रात्री मोबाईल बघत होती, सकाळी फिट आली, म्हणजे मोबाईलच"

या एका गैरसमजावर मला जास्त थांबावंसं वाटतं, कारण तो अर्धा खरा आहे.

दहावी-बारावीच्या वयातली मुलगी. सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडतो, चहाचा कप हिंदकळतो, वेणी घालताना खांद्याला झटका बसतो. आई म्हणते, धांदरट आहे नुसती. असं महिनोन्महिने चालतं. मग परीक्षेच्या दिवसांत, रात्री दोनपर्यंत जागल्यावर, सकाळी उठून तासाभरातच तिला मोठी फिट येते. डॉक्टरांकडे फिटची हकिगत सांगितली जाते, पण ते सकाळचे झटके कुणालाच सांगावेसे वाटत नाहीत.

हे चित्र किशोरवयात सुरू होणाऱ्या एका ठरलेल्या प्रकाराचं आहे. वैद्यकीय भाषेत त्याला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. यातल्या बऱ्याच मुलामुलींना प्रकाशाचाही त्रास असतो, पण सर्वांत मोठा शत्रू झोपमोड हा आहे. मोबाईलने फिट आणली असेल तर ती बहुधा झोप खाऊन आणली. हा फरक कामाचा आहे. कारण मोबाईल काढून घेतला आणि त्या जागी रात्रभर पुस्तक हातात दिलं, तर फिट तेवढ्याच भरवशाने येईल. गोंधळाचं जागरण, गावच्या जत्रेची रात्र, आयटी कंपनीतली नाइट शिफ्ट, पुणे-नागपूर रात्रीचा बसप्रवास, सगळे एकाच माळेचे मणी.

त्या झटक्यांविषयी डॉक्टरांना न सांगितल्याचा आणखी एक तोटा होतो. फिट्सवरची सगळी औषधं सगळ्या प्रकारांना चालत नाहीत. कार्बामाझेपीन हे एरवी उत्तम औषध या प्रकारात झटके वाढवू शकतं. व्हॅल्प्रोएट गुणकारी आहे, पण गरोदरपणात त्याने बाळात व्यंग येण्याचा आणि बाळाची बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका बराच आहे. म्हणून मुलीच्या बाबतीत डॉक्टर शक्यतो पर्याय शोधतात. घरच्यांनीही हे विचारायला लाजू नये. मात्र चालू गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने फिट्सची रांग लागू शकते.

झोपमोडीनंतर फिट येण्याचं दुसरं कारण चुकलेला डोस. नवरात्राच्या उपवासात "रिकाम्या पोटी गोळी नको" म्हणून सोडलेली, प्रवासात बॅगेत राहिलेली, दोन वर्षं फिट नाही म्हणून आता कशाला, असं म्हणून सोडलेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर १०० पैकी ७० जणांच्या फिट्स थांबू शकतात. त्या ७० मध्ये यायचं तर गोळी आणि झोप, दोन्ही सांभाळावी लागतात. क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सचे झेल ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला हवं, की त्यालाही अपस्मार आहे.

"चमकणारं काही दिसलं की डोळे मिटून घ्यावेत"

हे करू नका. मिटलेल्या पापण्यांतून लाल प्रकाश आत जातोच, आणि काहींना डोळे मिटण्यानेच फिटला सुरुवात होते. त्याऐवजी एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि नजर फिरवा. फिट पेटवायला बहुधा दोन्ही डोळ्यांतून मिळणारा प्रकाश लागतो. खोलीत दिवा चालू ठेवणं, टीव्हीपासून दोन-अडीच मीटर लांब बसणं, ब्राइटनेस कमी करणं आणि व्हिडिओ आपोआप चालू होण्याची सोय बंद करणं, एवढ्यानं बरंच काम होतं. आयफोनमध्ये चमकती दृश्यं आपोआप मंद करण्याची सेटिंग २०२३ पासून आहे.

"ब्लू कटचा चष्मा लावला की झालं"

चष्म्याच्या दुकानात हे सर्रास सांगितलं जातं. प्रकाशाने येणाऱ्या फिट्सवर ज्या काचा खरंच उपयोगी ठरल्या त्या दिसायला गडद निळ्या आहेत. त्या निळा रंग आत सोडतात, आणि लाल रंगासह बाकीचा बराचसा प्रकाश अडवतात. इटलीत ६०० हून अधिक रुग्णांवर त्यांची तपासणी झाली आणि बहुतेकांच्या ईईजीतला बदल एकतर नाहीसा झाला किंवा कमी झाला. ब्लू कटची काच नेमकं उलट करते, ती निळा प्रकाश अडवते. तिने फिट थांबत नाही. गडद काच घ्यायची तर मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, ईईजीत फरक पडतो का ते पाहून घ्यावी.

"डोळ्यांचा त्रास म्हणजे नंबर वाढला"

फिट्सच्या रुग्णाला दिसण्याची तक्रार असेल तर तिची वाट तीन दिशांना जाऊ शकते. घरात मात्र तिन्हींचं खापर मोबाईलवर फुटतं.

पहिली दिशा मेंदूची. डोक्याच्या मागच्या भागात फिट सुरू झाली तर रंगीत गोल ठिपके, चमकणारे गोळे दिसतात. ते काही सेकंद, फार तर दोन-तीन मिनिटं टिकतात आणि बहुधा एकाच बाजूला दिसतात. अर्धशिशीत दिसणारी नागमोडी, कंगोरेदार रेघ वेगळी. ती हळूहळू पसरत ५ ते ६० मिनिटं घेते आणि बहुधा रंगहीन असते. पहिल्या प्रकाराला अर्धशिशी समजून वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या जातात, कारण अशा फिटनंतर डोकंही दुखतं. म्हणून रंग कोणता, आकार कसा, किती वेळ, हे लिहून ठेवा. लहान मुलांना चित्र काढायला सांगा, ती फार अचूक काढतात.

दुसरी दिशा औषधांची. एकाच्या जागी दोन दिसणं, गरगरणं, तेही गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत, हे कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइनचा डोस जास्त होत असल्याचं लक्षण असू शकतं. टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अचानक लांबचं धूसर दिसू लागलं, डोळा दुखून लाल झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचे, कारण डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तान्ह्या बाळांच्या एका प्रकारच्या फिट्सवर दिलं जाणारं व्हिगाबॅट्रिन नजरेचा कडेचा भाग कायमचा कमी करू शकतं. समोरचं स्पष्ट दिसत असल्याने ते रुग्णाच्याही लक्षात येत नाही, म्हणून ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी लागते.

तिसरी दिशा खुद्द डोळ्याची. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. हा त्रास खरा आहे, पण त्याचा फिटशी संबंध नाही. लेझरची गोष्टही वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांनी तरुणांच्या डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या. लेझर कुणाच्याही डोळ्याला इजा करू शकतो, स्ट्रोब संवेदनशील मेंदूत फिट पेटवतो. एकावर बंदी घातली म्हणून दुसऱ्याचा धोका जात नाही.

"कांदा हुंगवा, हातात किल्ल्या द्या"

यातलं काहीही करू नका. कांदा, चप्पल, लोखंड यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि हातात किल्ली होती म्हणून थांबली असं वाटतं. दातखीळ उघडायला चमचा घालू नका, दात तुटतात. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, चष्मा काढा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही.

"लग्न झालं की बरी होईल, तोवर सांगू नका"

हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट्स हा विवाहाच्या आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कायद्याने जे सोडलं ते घरांनी धरून ठेवलंय. वाहन परवान्याच्या फॉर्म १ मध्ये फिट येते का असा सरळ प्रश्न असतो, तिथे खरं उत्तर द्यावं लागतं. स्थळाला मात्र ते सांगितलं जात नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट याच भीतीवर बोलत आले आहेत. लपवण्याचा परिणाम लग्नघरात लगेच दिसतो. गोळ्यांची पाकिटं माहेरच्या कपाटात राहतात, मेंदी, हळद, गोंधळ अशी ओळीने जागरणं होतात, आणि नवी नवरी सासरी पहिल्याच सकाळी कोसळते. त्या सकाळी सासरचे लोक दोष देतात पायगुणाला. माहेरी तेव्हा पाहुणे कुजबुजत असतात की फोटोग्राफरच्या फ्लॅशने तर नाही ना झालं.