मरकत : शब्द आणि लिलाव

संस्कृत ‘मरकत’ व ग्रीक ‘स्माराग्डोस’ हे शब्द परस्परसंबद्ध मानले जातात. ग्रीक शब्दाच्या कक्षेत मात्र पाचूखेरीज इतरही हिरवी रत्ने येत. आज पाचू म्हणजे हिरवे बेरिल, एवढाच अर्थ उरला आहे. २०११ साली न्यूयॉर्क येथे ख्रिस्तीजने एलिझाबेथ टेलर यांची पाचू-हिऱ्यांची कर्णभूषणे विकली. अशा लिलावांच्या सूचीत नामापेक्षा विशेषणच महाग असते. ‘कोलंबियाचा’ हे विशेषण प्रयोगशाळा खड्यातील सूक्ष्म अंतर्द्रव्ये तपासून देते. पाचूच्या भेगांत तेल मुरविण्याची चाल जुनीच. त्यामुळे ‘निस्तैल’ आणि ‘नगण्य तेल’ हे पर्याय नव्हेत, त्यांच्यात किमतीचे मोठे अंतर आहे. शिवाय ‘जोड’ हा शब्द एकवचनी असला, तरी प्रत्येक खड्याचा निर्वाळा निराळा वाचावा लागतो.