पळस्पे फाटा ते कन्याकुमारी!
दोन टीनएजर, एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, एक सेव्हन सीटर आणि १३ दिवस. लाँग ड्राइव्हचं प्लॅनिंग गाडीपासून नाही, घरातल्या माणसांपासून सुरू होतं, त्याची ही गोष्ट.

पनवेलकरांना एक गोष्ट कधीच कळत नाही. आपण रोज सकाळी बेलापूरची लोकल पकडायला धावतो, संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालतो आणि वीकेंडला 'कुठे जायचं यार?' म्हणत सुस्कारे सोडतो. पण घरापासून चार-पाच किलोमीटरवर, पळस्पे फाट्यावर, एक रस्ता सुरू होतो, तो थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. सुमारे १६०० किलोमीटर. अर्ध्याहून जास्त प्रवासात उजवीकडे कुठे ना कुठे अरबी समुद्र. पाच राज्यं आणि माहे नावाचा पाँडिचेरीचा चिमुकला तुकडा. तोच आपला मुंबई-गोवा हायवे, एनएच ६६. गोव्यानंतरही तो पुढे जातो, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आमच्या घरात मात्र एक माणूस हे विसरलेला नव्हता. बाबा. एसटीत ३० वर्षं ड्रायव्हर होते. कोकणातला प्रत्येक घाट, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक चहावाला त्यांना पाठ. २०१० साली देशातल्या हायवेंचे नंबर बदलले, पण बाबांच्या लेखी हा रस्ता अजूनही 'सतरा नंबर'. रातराणी घेऊन ते पणजीपर्यंत जायचे. त्याच्या पुढे एकदाही नाही. 'आयुष्यभर ज्या रस्त्यावर गाडी मारली त्याचं टोक काही बघितलं नाही,' असं ते फेब्रुवारीत जेवताना सहज बोलून गेले आणि ताटातली भाजी संपवू लागले.

आता दुसरी बाजू ऐका. पुतण्या यंदा दहावीला होता. जूनमध्ये तो अकरावीसाठी लातूरला जाणार, होस्टेलवर. त्याचं आणि दादाचं गेलं वर्षभर फक्त 'अभ्यास झाला का?' आणि 'हो' एवढंच संभाषण चालू होतं. पुतणी १३ वर्षांची. तिचं मत विचारलं की 'व्हॉटेव्हर.' म्हणजे सगळे एकत्र असण्याचा हा शेवटचा उन्हाळा, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

मग आत्याने, म्हणजे अस्मादिकांनी, घोषणा केली. गाडीने कन्याकुमारी! आईने तत्काळ अंग काढून घेतलं. 'मी आपली बहिणीकडे जाते. तुम्ही या जाऊन.' उरलो सहा जण.

आधी कॅलेंडर, मग नकाशा

पावसाळ्यात कोकणातले घाट आणि गणपतीतलं ट्रॅफिक याबद्दल पनवेलकरांना काय सांगायचं! दिवाळीची सुट्टी मोहक वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळ आणि कन्याकुमारीकडे परतीचा पाऊस जोरात असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते, त्यामुळे केरळातले रस्ते भरलेले. नाताळात गोव्याचे दर ऐकून चक्कर येते.

उरला एप्रिलचा शेवट. उकाडा जाम असणार, हे मान्य. पण परीक्षा संपलेल्या असतात, रत्नागिरीत आंबा असतो आणि केरळात मान्सून साधारण १ जूनला पोचतो, त्याआधी आपण घरी. उन्हावर उपाय एकच. पहाटे पाचला निघायचं, अकरापर्यंत जास्तीत जास्त अंतर कापायचं, दुपारी सावलीत लोळायचं. केरळात दुपारनंतर वळवाची सर येऊ शकते, तिचीही सोय यातच होते.

शनिवारी निघालो तर १३ दिवसांना फक्त नऊ रजा लागतात. बॉसला मेल करताना हा हिशेब वर लिहा, 'फॅमिली' हा शब्द खाली!

प्रत्येकाला एक स्टॉप, एक व्हेटो

मोठी माणसं इथेच माती खातात. आपण सगळं ठरवतो आणि मुलांना मागच्या सीटवर सामानासारखं भरतो. मग मुलंही सामानासारखीच वागतात. तोंडातून शब्द नाही.

आम्ही डायनिंग टेबलवर नकाशा पसरला. नियम साधा. प्रत्येकाने या रस्त्यावरचा एक स्टॉप निवडायचा, त्याला कुणी नाक मुरडायचं नाही. शिवाय प्रत्येकाला एक व्हेटो. वहिनीने निवडला कासरगोडजवळचा बेकल किल्ला, कारण 'बॉम्बे'मधलं 'तू ही रे' तिथे शूट झालंय. दादाने उडुपीचा मसाला डोसा. मी मरवंथे, जिथे हायवेच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. 'व्हॉटेव्हर' मॅडमनी अर्धा तास फोनमध्ये डोकं खुपसून माहे शोधून काढलं. कारण काय, तर 'तिथे केरळच्या मधेच दुसरा प्रदेश लागतो, म्हणजे माझा स्कोअर सहा होईल.' २०२४ मध्ये सुरू झालेल्या बायपासमुळे आता माहे गावात न शिरताच पुढे जाता येतं, त्यामुळे तिथे मुद्दाम जुना रस्ता धरावा लागणार, हेही तिनेच सांगितलं.

पुतण्याने कन्नूरजवळचा मुळप्पिलंगाड बीच निवडला. तिथे सुमारे चार किलोमीटर वाळूवरून गाडी चालवता येते. त्याच्या डोळ्यांतली चमक बघून सगळ्यांना पुढचा प्रश्न कळला. 'तिथे मी चालवू?'

नाही. यावर चर्चाच नाही. १८ पूर्ण झाल्याशिवाय कारचं लायसन्स नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द होतं आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. तो उठून गेला, दार आपटून. तरी यादीतून बीच काही खोडला नाही.

बाबा शेवटी बोलले. 'महाडला सावित्रीच्या पुलावर थांबू पाच मिनिटं.' २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. बाबा तेव्हा रिटायर झालेले होते. पण त्या रात्रीच्या गाड्यांवरच्या खाकीतल्या माणसांबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. टेबलवर मात्र कुणीही व्हेटो काढला नाही.

रिहर्सल मस्ट!

लग्नाआधी ट्रायल असते ना, तशी ट्रिपची रिहर्सल कराच. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि पुढच्याच वीकेंडला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. त्या दोन दिवसांनी जे शिकवलं, ते कुठल्याही गाइडबुकात नाही.

पुतणीला घाटात उलटी झाली. आता उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा तास. शिवाय घाटात फोन बंद, खिशात आलेपाक. गाणी कुणाची यावरून भांडण झालं. आता प्रत्येकाचा एकेक तास, बाबांचाही. त्यांच्या तासात नाट्यगीतं लागतील आणि ती ऐकावी लागतील.

आणि पुतण्या. पनवेलपासून कानात हेडफोन. माणगावच्या पुढे दादाचा स्फोट झाला. 'एवढा खर्च करून आणलंय, जरा बाहेर तरी बघ!' तो बाहेर बघू लागला, पण हेडफोन काही काढला नाही. पोलादपूरपर्यंत गाडीत चिडीचूप.

चहाच्या टपरीवर बाबांनी त्याला हाक मारली. 'बाळा, तुझ्या त्या मॅपवर बघ रे, चिपळूण किती राहिलं?' त्याने आकडा सांगितला. बाबांनी मान हलवली, 'बरोबर.' मग सुरू झाली गूगल विरुद्ध आजोबा मॅच! वळण येण्याआधी बाबा सांगायचे, 'आता डावीकडे उतार, मग पूल.' आणि हा मॅप बघून 'करेक्ट!' ओरडायचा. परशुराम घाट येईपर्यंत हेडफोन गळ्यात आला होता. कधी काढला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दादाच्या आलं असावं. तो आरशातून मागे बघत होता.

परतताना बाबा त्याला म्हणाले, 'पणजीपर्यंत मी सांगतो. पणजीच्या पुढे मला काही माहीत नाही. तिथून तू सांगायचंस, मी पॅसेंजर.'

तेव्हापासून साहेब नेव्हिगेटर आहेत. रुंदीकरणाने या रस्त्याची वळणं गेल्या काही वर्षांत कुठे कुठे बदलली, याची त्याने वही केली आहे. हो, वही! ऑफलाइन नकाशे डाउनलोड आहेत ते वेगळेच.

आमचा आराखडा

दिवस १: पनवेल ते रत्नागिरी, सुमारे ३०० किमी. वाटेत महाड.
दिवस २: सावंतवाडी. लाकडी खेळणी आणि राजवाड्यातले गंजिफा.
दिवस ३: पणजी, कारवार करत मुरुडेश्वर.
दिवस ४: मरवंथे, उडुपी, मंगळूर. छोटा दिवस, मुद्दाम.
दिवस ५: बेकल, मुळप्पिलंगाड, माहे, कोळिकोड.
दिवस ६ आणि ७: आलप्पुळा. सातव्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही.
दिवस ८ आणि ९: कन्याकुमारी.

आणि परत? टीनएजरना एकाच रस्त्याने दोनदा नेलंत तर ते तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील. म्हणून दहाव्या दिवशी पहाटे वहिनी, बाबा आणि मुलांना तिरुवनंतपुरमला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसवणार. ती थेट पनवेलला थांबते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, तारीख लिहून ठेवा. मी आणि दादा गाडी घेऊन मदुराई, बेंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर करत चार दिवसांत परत. तो एनएच ४८ सुद्धा पनवेललाच येतो. आपल्या गावाला उगाच जंक्शन म्हणत नाहीत.

हे विसरू नका, बॉस

बेल्ट सगळ्यांना, तिसऱ्या रांगेतही. मागच्या सीटवरही तो कायद्याने सक्तीचा आहे, नाहीतर हजार रुपये दंड. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. मुलांना लेक्चर देऊ नका, एवढंच सांगा.

सूर्यास्तानंतर ड्रायव्हिंग नाही. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबा. हे बाबांचे नियम आहेत. त्यांचं म्हणणं, 'झोप आली असं ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. गाडी रस्ता सोडते तेव्हा कळतं.'

मुलींच्या पाळीचं प्लॅनिंग मोकळेपणाने करा. सॅनिटरी पॅड्स, पेपर सोप, कागदी पिशव्या आणि कपड्यांचा एक जादा जोड, हा पाऊच डिकीत नको, हाताशी हवा. 'मला थांबायचंय' म्हटलं की कारण न विचारता पुढच्या बऱ्या टॉयलेटला गाडी थांबेल, हा नियम पुरुषमंडळींच्या समोरच जाहीर करा. आमच्याकडे तो जाहीर झाला तेव्हा पुतणीने पहिल्यांदा 'थँक्स आत्या' म्हटलं.

हिशेब मुलांकडे द्या. आमची खजिनदार पुतणी आहे. तिचं गणित असं: जाऊन-येऊन सुमारे ३३०० किमी, इकडेतिकडे फिरणं धरून ३६००, लिटरला १५ म्हणजे २४० लिटर. पुढे पंपावरच्या भावाने गुणायचं. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास बघा. खासगी गाड्यांसाठी तो १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते.

आणि रोज एक तास असा ठेवा, ज्यात काहीच ठरलेलं नाही. टीनएजर बोलतात ते याच तासात. तेही तुम्ही काही विचारलं नाही तरच.

टोकावर काय आहे?

कन्याकुमारीला समुद्रात तो खडक आहे, जिथे १८९२ च्या डिसेंबरमध्ये स्वामी विवेकानंद ध्यानाला बसले होते. तिथलं स्मारक १९७० मध्ये पूर्ण झालं. ते उभारण्यासाठी देशभर हिंडून पैसे गोळा करणारे एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. शेजारच्या खडकावर २००० साली उभा राहिलेला १३३ फुटी तिरुवल्लुवर आहे, आणि २०२४ च्या शेवटी दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूलही झाला. समुद्र खवळला तर बोटी बंद असतात, म्हणूनच तिथे दोन दिवस ठेवलेत.

येत्या शनिवारी पहाटे पाचला निघायचं आहे. बॅगा भरून झाल्या. काल रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये लाइट चालू. बाबा चष्मा लावून पुतण्याची वही वाचत होते. कारवारच्या पुढचं पान. समोर पुतण्या आणि दादा. मुळप्पिलंगाडला दादाने वाळूवर गाडी किती स्पीडने चालवायची, यावर दोघांचा वाद चालला होता.

वर्षभरातलं त्यांचं ते सगळ्यात मोठं भांडण असेल. मी लाइट तसाच ठेवून झोपायला गेले.